जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी एवढं करून बघा

आमचा मामा गोव्यात वाळपईला असतो. जत्रेतल्या नाटकांच्या संहिता तो गेली कितीतरी वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करतोय. 2013 साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज 10. पावसाळ्यात त्याचा फोन आला, म्हणाला अरे बटण दाबतो, चहा ठेवतो, पिऊन परत येतो तरी ते गोल गोल फिरतंच असतं, आणि जवळच्या दुकानात दाखवलं तर म्हणे मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) गेला, नवीनच घ्या. आता मदरबोर्ड गेला की बहुतेक वेळा स्क्रीनच येत नाही किंवा मशीन मधेच बंद पडतं. उशिरा का होईना पण सगळं सुरू होतंय म्हणजे दुखणं दुसरीकडे आहे. मामाच्या मशीनवर जे जे केलं ते इथे लिहितो, कारण गोव्यात घराघरांत असले कॉम्प्युटर पडून आहेत आणि त्यातले बरेचसे आरामात आणखी तीनचार वर्षं चालतील.

सगळ्यात आधी बॅकअप. स्पीड वगैरे नंतर. स्लो झालेली हार्ड डिस्क ही पुष्कळदा मरायला टेकलेली हार्ड डिस्क असते आणि आपण तिच्यावर स्कॅन, क्लीनर, डिफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं काम) चालवत बसलो तर तिचे उरलेले श्वास त्यातच जातात. म्हणून फोटो, कागदपत्रं, डेस्कटॉपवरचं सगळं, ब्राउझरमधले बुकमार्क आधी बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढा. आणि मराठीत टायपिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट अजिबात विसरायची नाही, ती म्हणजे फॉन्ट! मामाच्या जुन्या संहिता युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, श्रीलिपी, कृतिदेव या जातीच्या. असली फाइल ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे उघडली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो आणि माणसाला वाटतं फाइल गेली. फाइल गेलेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे तो अख्खा कॉपी करून ठेवा, आणि शिवाय प्रत्येक संहिता उघडून प्रिंटमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडून तिची पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे उद्या फॉन्ट नसला तरी छापील पानासारखं वाचता येईल. मामाच्या सत्तावीस नाटकांना आम्हाला एक अख्खा रविवार लागला, पण तो रविवार सत्कारणी लागला असं मी म्हणेन.

मग रोग कुठे आहे ते बघायचं, अंदाजाने औषध द्यायचं नाही. कॉम्प्युटर सुरू करून पाचदहा मिनिटं काही न करता सोडा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. छोटा दिसला तर खाली मोर डिटेल्सवर क्लिक करा. वरती सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क असे रकाने टक्क्यांसकट दिसतात. तुम्ही काहीच करत नसताना डिस्क सतत 100 टक्के दाखवतेय आणि खाली वेग बघितला तर सेकंदाला जेमतेम एकदोन एमबी, तर गुन्हेगार सापडला, हार्ड डिस्क. मेमरी 85 च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय, आणि रॅम कमी पडली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं म्हणजे पुन्हा डिस्कच रडते. सीपीयू चढलेला असेल तर कुठल्या प्रोग्रॅममुळे ते यादीत वरतीच दिसतं. विंडोज अपडेट किंवा अँटीव्हायरसचं काम चालू असेल तर त्याला एक रात्र चालू देऊन काम संपवू द्या, रोज अर्ध्यावर बंद केलंत तर ते रोज पहिल्यापासून सुरू होत राहतं.

मामाकडे डिस्क 100 टक्के, मेमरी 88. तिथेच क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघितलं, ते डिस्कची तब्येत सांगतं. निळं गुड आलं तर ठीक, पिवळं कॉशन आलं आणि रिअलोकेटेड किंवा करंट पेंडिंग सेक्टरच्या ओळीत आकडा असला तर डिस्कवरचे काही तुकडे खराब झालेत असं समजा. मामाचं पिवळं होतं. बॅकअप आधी काढला होता म्हणून बरं.

तुमची डिस्क निळी असेल तर आधी घरची साफसफाई करा, तिला पैसे लागत नाहीत. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप टॅब आहे, तिथे प्रिंटरचा हेल्पर, टोरंटवाला, व्हिडिओ कॉलवाला, गाण्यांचा प्लेअर असं जे जे सुरुवातीलाच उठून बसतं ते डिसेबल करा, याने प्रोग्रॅम उडत नाही, फक्त तुम्ही बोलावल्याशिवाय येत नाही. ग्राफिक्स, साउंड, टचपॅड यांना मात्र हात लावू नका. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढाच, दोघेही प्रत्येक फाइल तपासत बसतात, आणि घरच्या वापराला विंडोजमधला डिफेंडर पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर डिस्क क्लीनअप चालवून टेम्पररी फाइल्स, जुन्या अपडेटचा कचरा काढा, साधारण 15 ते 20 टक्के जागा मोकळी राहिली पाहिजे, पण त्या यादीत डाउनलोड्सवर टिक असेल तर ती काढून टाका, लोकांची आधारची पीडीएफ, लाइट बिलं, सगळं तिथेच पडलेलं असतं. ब्राउझरमध्ये जाऊन नको असलेली एक्स्टेन्शन्स उडवा आणि कोपऱ्यात सारख्या येणाऱ्या जाहिराती दिसत असतील तर नोटिफिकेशनची परवानगी कुठल्या साइटला दिली आहे ती बघून बंद करा, बऱ्याच लोकांना व्हायरस वाटतो तो हाच. पीसी बूस्टर, रॅम क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर असली सॉफ्टवेअरं कृपा करून टाकू नका. तुमच्या मशीनला व्हायरस लागलाय, या नंबरवर फोन करा असा मोठा लाल बोर्ड आला तर फोन करायचा नाही, ब्राउझर बंद करायचा, नाहीच झाला तर मशीन बंद करायचं. आणि पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं.

अजून एक, शटडाउन करून परत चालू केलं म्हणजे विंडोज ताजं झालं असं नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे ते आतलं बरंचसं जसंच्या तसं झोपवून ठेवतं. रीस्टार्ट केलं की खरी नवी सुरुवात होते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

आता कॅबिनेट उघडायची, आणि इथे आमच्या गोव्याची गोष्ट वेगळी आहे. पुण्यातली माणसं धूळ साफ करा म्हणून सांगतात ते बरोबरच आहे, पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, कौलारू घरात भिंतीला ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते तर मशीनच्या आत काय होत असेल विचार करा. किनाऱ्याजवळ कळंगुट, मोरजी, कोळवा असल्या ठिकाणी वाऱ्यात मीठही असतं. धूळ ओली होऊन पंख्याला चिकटते, रॅमच्या सोनेरी दातांवर थर येतो, स्क्रूना गंज येतो. पावसाळ्यात अचानक कॉम्प्युटर बीप बीप करून बंद पडला किंवा निळी स्क्रीन यायला लागली तर पहिला संशय रॅमच्या त्या दातांवर घ्यायचा.

मेन स्विच बंद, वायर काढलेली, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं म्हणजे आतला उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घालायचा. दोन्ही बाजूच्या चिमट्या उघडून रॅमची पट्टी काढायची, साधा पांढरा खोडरबर त्या सोनेरी भागावर हलक्या हाताने घासायचा, रबराचा भुगा ब्रशने झाडून पट्टी परत टक्क असा आवाज येईपर्यंत बसवायची. धूळ ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने उडवायची, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, हवेने गरगर फिरू द्यायची नाहीत. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, त्याच्यावरची थर्मल पेस्ट दहा वर्षांत वाळून खडूसारखी होते, ती पुसून वाटाण्याएवढी नवीन लावायची. ही पेस्ट आणि धूळ यांच्यामुळे प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला स्वतःचाच वेग कमी करतो. मामाचा 3.4 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर काम करताना 1.5 च्या आसपास रेंगाळत होता, साफ केल्यावर परत वर गेला. रिकामा बसलेला असताना वेग खाली असतोच, तो काम देऊन बघायचा. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका, वायर काढल्यावरसुद्धा त्यात करंट साठलेला असतो. आणि आत पालीची अंडी, मुंग्यांची रांग दिसली तर स्प्रे मारू नका, ब्रशने काढा.

तारीख सारखी मागे जात असेल आणि प्रत्येक वेबसाइट सुरक्षित नाही म्हणून अडवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा चपटा सेल संपलाय. हाच सेल घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो, पाच मिनिटांचं काम.

पण खरा चमत्कार एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपवाल्या डिस्कचा. फक्त एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर यावर करा. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारी सुई प्रत्येक छोट्या फाइलसाठी इकडून तिकडे धावते, त्या धावण्यालाच दहाबारा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइल्स वाचतं. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, तिथे मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास काम होतं. म्हणूनच जुन्या बोर्डावरसुद्धा फरक डोळ्यांना दिसतो. साटा जोडणीची अडीच इंची, 240 किंवा 256 जीबीची घेतली तरी घराला पुरते, लॅपटॉपमध्येही बहुतेक जुन्या मॉडेलांत तीच बसते. सोबत रॅम 4 ची 8 करा, पण आधी तुमची डीडीआर थ्री आहे की फोर ते सीपीयू-झेड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बघून घ्या, खाच वेगळ्या ठिकाणी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. आणि विंडोज 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम त्याला वापरता येत नाही, 64 बिटचं टाकावं लागेल.

जुनी डिस्क खराब असेल तर तिची नक्कल एसएसडीवर उतरवू नका, विंडोज नव्याने टाका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन 8 जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर बनतो. आधीचं विंडोज ओरिजिनल, ॲक्टिव्हेट केलेलं असेल तर प्रॉडक्ट की (परवान्याचा नंबर) विचारल्यावर आपल्याकडे नाही म्हणून पुढे जायचं, नेट लावल्यावर मदरबोर्ड ओळखून विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं. जुनी हार्ड डिस्क इन्स्टॉल करताना काढूनच ठेवायची, चुकून तीच फॉरमॅट केली असं होतं. एसएसडी आली की डिफ्रॅगचा विषय संपला, विंडोज तिची निगा स्वतः राखतं. मामाच्या मशीनवर हे सगळं झाल्यावर बटण दाबल्यापासून डेस्कटॉपपर्यंत 25 सेकंद लागले, चहाचं पाणीसुद्धा ठेवून झालं नव्हतं.

व्हिज्युअल इफेक्ट्स बंद केले तर अजून थोडा फरक पडतो, पण बेस्ट परफॉर्मन्स निवडल्यावर अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स ही टिक परत लावा, नाहीतर मराठी जोडाक्षरं अशी खरबरीत दिसतात की वाचताना डोळे दुखतात.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं आहे. मशीन त्याने बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. घरगुती लोकांसाठी वाढीव अपडेटची नोंदणी आहे, अपडेटच्या पानावर तिची लिंक दिसते, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे मामाचं मशीन त्यात बसत नाही, आणि यूट्यूबवरच्या जुगाडाने ते बसवायला मी तरी सांगणार नाही. अशा मशीनला विंडोजच्या जागी चालणारं फुकट लिनक्स मिंट चांगलं, पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच चालवून बघता येतं. बँकेची कामं करणाऱ्यांनी हा विचार लवकर करा.

आता विजेचं. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात दुपारी गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा आणि त्याबरोबर नेटची केबलही काढायची, वीज केबलमधूनही येते. यूपीएसची बॅटरी दोनतीन वर्षांनी बदलायची, दिवा लागतो म्हणजे बॅटरी चांगली असं नाही. पावसाळ्यात काम असो नसो, रोज अर्धा तास कॉम्प्युटर चालू ठेवा, स्वतःच्या उबेने तो आतून सुकतो. मशीन भिंतीला चिकटवून किंवा जमिनीवर ठेवू नका, आणि वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून गच्च बांधू तर मुळीच नका, ओल आतच कोंडते. मामाचा कॉम्प्युटर बलकांवच्या (घराच्या दर्शनी ओसरीच्या) खिडकीखाली होता, पावळीचे तुषार सरळ त्यावर. तो आता आतल्या खोलीत फळीवर आहे.

काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच भंगारवाल्याला देऊ नका, तिच्यावर तुमचं सगळं घर आहे. चतुर्थी जाईपर्यंत तरी ती सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा. मामाने तिसऱ्या आठवड्यात फोन केला की एका नाटकाचा दुसरा अंक कुठे सापडत नाही, आणि तो अंक त्या डब्यातल्या डिस्कवरच, वेगळ्याच नावाच्या फोल्डरमध्ये मिळाला.