आधी मासा हातात द्या: खान्देशातल्या शाळांत मासेमारीचे वर्ग घेणाऱ्या नव्या मंडळींसाठी

मत्स्यशास्त्र किंवा प्राणिशास्त्र शिकून जे कुणी जळगाव-धुळे-नंदुरबारच्या शाळांत मासेमारीचे वर्ग घ्यायला निघतात, त्यांना माझं पहिलं सांगणं एकच असतं. तक्ता घरी ठेवा आणि सकाळी बाजारातून मासे घ्या. तक्त्यावरचे सगळे मासे एकाच मापाचे, एकाच दिशेला तोंड केलेले आणि सारखेच चंदेरी असतात. तापीकाठच्या पोरांना तो दाखवला की ती गप्प बसतात. खरा रोहू परातीत ठेवला की मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, हाऊ तर बर्फना शे!" आणि ते खरंही असतं. आपल्या बाजारातला बराचसा रोहू-कटला आंध्रातून बर्फात येतो. डोळा खोल गेलेला, कल्ला फिका पडलेला. हा फरक ज्यांना न शिकवता कळतो, त्यांच्यासमोर आपण नेमकं काय घेऊन उभे आहोत, याचा विचार वर्गात शिरण्याआधी करून ठेवावा.

दुसरं सांगणं जरा भांडून सांगतो, कारण बहुतेक आराखडे याच्या उलट असतात. 'माशांची ओळख' हा एक तास आणि 'मासेमारीचे नियम' हा दुसरा, अशी फाळणी करू नका. नियमांचा तास वेगळा काढला की तो नागरिकशास्त्राचा धडा होतो आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. प्रत्येक नियम कुठल्या तरी माशाच्या अंगावरून सांगता येतो. तसाच सांगा.

सुरुवात कटला, रोहू आणि मृगळ या तिघांपासून करा. तिघांचं तोंड बघायला लावलं की अर्धं काम होतं. कटल्याचं डोकं भलंमोठं आणि तोंड वर वळलेलं, म्हणजे हा पाण्याच्या वरच्या थरात खाणारा. रोहूचं तोंड थोडं खाली, ओठ झालरीसारखे, खवल्यांवर तांबूस झाक. हा मधल्या थरातला. मृगळ सडपातळ, रुपेरी, तळातलं खाणारा. हे कळलं की एकाच तळ्यात तिघांना एकत्र का सोडतात, ते मुलं स्वतःच सांगतात. मग मी विचारतो, "तळ्यात यांची पिल्लं होतात का?" बहुतेक जण हो म्हणतात. होत नाहीत. या माशांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं, म्हणून तळ्यांत दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडावी लागते. इथे थोडा वेळ थांबून जिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली हे पिल्लांच्या वाढीचे टप्पे फळ्यावर काढा. १० जुलैला शाळेत असाल तर मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींचं नाव जरूर घ्या. १९५७ साली याच तारखेला त्यांनी संप्रेरकाची सुई देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्याची आठवण म्हणून हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज तळ्यात पडणारी बहुतेक बोटुकली त्याच वाटेने येते.

आणि इथेच पहिला नियम आपोआप येतो. पहिल्या पुरात ओढ्यानाल्यांतून चढणीला लागलेले मासे पकडायला अख्खं गाव उतरतं. ती मजा मी नाकारत नाही. पण त्या माशांची पोटं अंड्यांनी भरलेली असतात. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात हे सांगायचं आणि पुढचं गणित मुलांवर सोडायचं. बारीक भोकाच्या जाळ्याचंही तेच. रोहू अंडी घालायच्या वयाला यायला साधारण दोन वर्षं लागतात. त्याआधीच बोटाएवढा उचलला तर पुढच्या वर्षी काय उचलणार? भोकाचं माप आणि बंद काळ याबद्दलच्या अटी मात्र पाठ करून जाऊ नका. जलाशय ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेकडून आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून आधी समजून घ्या. जून महिन्यात एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, "टीव्हीवर सांगितलं, १ जूनपासून मासेमारी बंद. मग आमचे काका कसे जातात?" ती बंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांची. आपल्या मुलांवर समुद्राच्या बातम्यांचा बराच मारा होतो. २०२३ मध्ये राज्यमासा ठरला तोही पापलेट. सातपुड्यातल्या किती मुलांनी तो पाहिला असेल?

ओळखीकडे परत येतो. मिशा मोजायला शिकवा, हे सोपं आणि पक्कं लक्षण आहे. सायप्रिनसला, म्हणजे कॉमन कार्पला, मिशांच्या दोन जोड्या असतात आणि पाठीवरचा पर लांबलचक. कटल्याला मिशाच नाहीत. सिल्व्हर कार्पचा डोळा इतका खाली असतो की मासा उलटा धरलाय की काय असं वाटतं. खवलेही अगदी बारीक. शिंगाळ्याच्या मिशा लांब, पाठीवर शेपटीकडे एक मांसल पर, आणि कल्ल्यामागचा काटा असा की बोटात गेला तर दिवसभर ठणकतो. तो काटा कात्रीने कापूनच मासा मुलांच्या हाती द्या. शिवड्याचा जबडा रुंद आणि खालचा पर पोटापासून जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला. वाम सापासारखी, पाठीवर छोट्या काट्यांची ओळ. तिला बघून शहरातली मुलं किंचाळतात. चिलापी, म्हणजे तिलापिया, सगळ्यांना माहीत असते, पण तिची मादी अंडी तोंडात ठेवते हे सांगितलं की वर्ग पाच मिनिटं तुमचा राहत नाही. ती १९५२ साली भारतात आणली गेली. आता नको म्हटलं तरी ती जाळ्यात येतेच. घरच्या पेटीतले मासे नदीत सोडू नका हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही. विदेशी मागूरचंही इथेच सांगा. तो पाळायला देशात २००० सालापासून बंदी आहे.

मरळ मात्र सवडीने शिकवण्यासारखा मासा आहे. डोकं सापासारखं, अंग दंडगोल, आणि हवेतला श्वास घेत असल्यामुळे टोपलीत बराच वेळ जिवंत राहतो. पिल्लांचा तांबूस घोळका पाण्यावर दिसला की आईबाप खाली राखणीला असतात. हे गावातल्या प्रत्येक गळवाल्याला ठाऊक असतं. तो घोळक्यातच गळ टाकतो, आणि राखणदार गेला की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. हे मी कधी सांगत नाही, विचारतो. उत्तर बहुधा मुलींकडून येतं.

आता अवघड भाग. खान्देशात विहिरी खोदायला जिलेटिन लागतं आणि त्यातलं थोडं डोहात जातं. नदीकाठच्या मोटारींची वायर पाण्यात सोडण्याचे प्रकारही होतात, आणि त्यात माणसं मरतात. डोंगराकडे गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकायची जुनी रीत आहे. अलीकडे तिच्या जागी कीटकनाशकाची बाटली आली. उन्हाळ्यात नदी तुटून डोह उरतात, तेव्हा हे सगळं सोपं होतं आणि सगळ्यात घातकही, कारण पुढच्या पावसाळ्याला अंडी घालणारे मासे त्या डोहांतच अडकलेले असतात. स्फोटक आणि विष या दोन्हींना १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. नियम एवढा जुना आहे हे ऐकून मुलं चकित होतात. पण वर्गात "कुणाच्या घरी असं करतात?" हा प्रश्न कधीही विचारू नका. कुणी आपणहून सांगितलं तर नाव, गाव काही नोंदवू नका आणि शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा करू नका. तुम्ही एका तासासाठी आलेले पाहुणे. त्या पोराला संध्याकाळी त्याच घरी जायचं असतं. बोलायचं ते माशांबद्दल आणि हात-डोळे गमावलेल्या माणसांबद्दल. तेवढं पुरतं.

कासवाचा नियमही विसरू नका. जाळ्यात आलं तर सोडून द्यायचं, कारण नदीतल्या कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

पाण्यावर न्यायचं असेल तर दिवाळीच्या मागेपुढे न्या. पावसाळ्यात तापीकाठी मुलांना घेऊन जायचा मोह टाळा. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. वर पाऊस झाला की ते उघडतात आणि खाली आभाळ कोरडं असताना पाणी चढतं. मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची संमती, तळ्यावरच्या संस्थेचा एक माणूस सोबत, आणि पोहता येणारे दोन मोठे. यातलं एक जरी नसेल तर वर्गातच परात मांडा.

कामाधंद्याबद्दल थोडक्यात. मत्स्यशास्त्राची पदवी नागपूर, उदगीर किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावला मिळते. खान्देशात त्याचं महाविद्यालय नाही. त्यामुळे इथे हे काम करणारे बहुतेक जण प्राणिशास्त्राकडून आलेले. सहायक मत्स्यव्यवसाय विकास अधिकाऱ्याची जागा लोकसेवा आयोगातून भरतात. तयारी करणाऱ्यांना शाळांतले हे वर्ग मुलाखतीत कामी येतात, असं माझं मत आहे. मानधन बेताचंच असतं. माशांचा खर्च शाळेने द्यावा हे आधीच ठरवून घ्या, आणि वर्गानंतरचे मासे कुणाला शिजवायला देऊ नका. चाळीस जणांनी हाताळलेला मासा दुपारच्या उन्हात कितीही ताजा दिसला तरी पुरून टाकायचा.

शाळेत जाण्याआधी एकदा तळ्यावर जा. संस्थेच्या अध्यक्षांची वेळ मागत बसू नका. सकाळी होड्या लागतात तेव्हा वजनकाट्याजवळ उभे राहा. कुठल्या माशाला कुठलं नाव, कुठला मासा आता येईनासा झालाय, ते तिथेच कळतं. दहानंतर गेलात तर धुतलेले क्रेट तेवढे दिसतील.