बेळगावहून स्वतःच्या गाडीने नेपाळ: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून स्वतःची गाडी घेऊन नेपाळला जाणं अवघड नाही. व्हिसा लागत नाही, भारतीय लायसन्स चालतं, गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते. माणसं अडतात ती कागदांवर. उत्तर प्रदेशातला नेपाळ सीमेवरचा सोनौलीचा नाका इथून दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे पोचल्यावर बेळगावच्या आरटीओतला किंवा चिकोडीच्या तहसीलदार कचेरीतला कागद दुरुस्त होत नाही. म्हणून खालच्या बहुतेक चुका निघण्याच्या महिनाभर आधी, घरी बसूनच टाळायच्या आहेत.

फक्त आधार घेऊन निघणं

१५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार चालतं ते १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्यांचं. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका मोठ्या माणसाकडे यांपैकी एक कागद असेल, तर बाकीच्यांना फोटो असलेला आणि नातं दाखवणारा पुरावा चालतो. रेशन कार्ड, लायसन्स, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र वगैरे. सीमा खुली आहे, त्यामुळे एसएसबीचा (सीमेवर तैनात सशस्त्र सीमा बलाचा) जवान कधी आधार बघून सोडेलही. पण घरून फोन आला आणि काठमांडूहून विमानाने परतावं लागलं, तर विमानतळावर आधार पुढे करून भागत नाही. तेवढ्यासाठी तरी प्रत्येकाचा पक्का कागद जवळ असू द्या.

आपल्या भागात आणखी एक घोळ आहे. कर्नाटकातल्या मतदार ओळखपत्रावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं: चौगुलेचं चौगला होतं, कुठे आडनाव गळून वडिलांचं नावच शेवटी येतं. लायसन्सवर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असेल तर मतदार नोंदीच्या दुरुस्तीचा फॉर्म ८ भरून दुरुस्ती करून घ्या. ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ या फरकाची मात्र काळजी नको. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांत दोन्ही दिसणारच.

१५ ते १८ वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांच्या सहीचं ठरावीक नमुन्यातलं ओळखप्रमाणपत्र घेतात. मराठी शाळा असली तरी ते इंग्रजीत मागा, आणि एप्रिलमध्ये उन्हाळी सुट्टी लागण्याआधी मागा. नंतर शाळेत सहीला कोणी भेटत नाही.

गाडी एकाच्या नावावर, चालवणारा दुसरा

एकत्र कुटुंबात गाडी आप्पांच्या किंवा थोरल्या काकांच्या नावावर असते आणि सहलीला धाकटी मंडळी जातात. मालक सोबत नसेल तर त्याचं संमतिपत्र मुद्रांकावर लिहून नोटरी करून घ्या. त्यात गाडीचा नंबर, इंजिन आणि चासी नंबर, चालवणाऱ्याचं नाव, लायसन्स नंबर आणि प्रवासाच्या तारखा हव्यात. भाषा इंग्रजी किंवा हिंदी ठेवा, कन्नड मजकूर तिथे कोणाला वाचता येणार नाही. सोबत मालकाच्या ओळखपत्राची प्रत जोडा. मालक वारलेले असतील आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल तर आधी गाडी वारसाच्या नावावर करा आणि मगच निघा.

गाडी केए-२२ची, केए-२३ची की कोल्हापूरहून घेतलेली एमएच-०९ची, याने नेपाळच्या नाक्यावर फरक पडत नाही. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला मात्र वेगळे परवाने लागतात.

आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी यांच्या मूळ प्रती घ्या आणि झेरॉक्सचे तीन संच करा. मोबाइलमधलं डिजिलॉकर आपल्या पोलिसांना चालतं, नेपाळच्या खिडकीवर चालत नाही.

विमा भारताच्या हद्दीत संपतो हे विसरणं

आपली नेहमीची पॉलिसी भारतापुरतीच असते, मग ती फर्स्ट पार्टी का असेना. नेपाळमध्ये अपघात झाला तर गाडीचं नुकसान आणि समोरच्याची भरपाई, दोन्ही स्वतःच्या खिशातून. यावर उपाय सोपा आहे. विमा कंपनीकडे भौगोलिक विस्ताराचं कलम, म्हणजे आयएमटी १, मागा. त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश हे देश येतात. थोडा जादा हप्ता भरून तसा कागद मिळतो. एजंटाने फोनवर ‘जोडलंय’ म्हटलं म्हणून निघू नका. छापील कागदावर नेपाळचं नाव वाचा.

भन्सारमधल्या चुका

नेपाळी कस्टमला भन्सार म्हणतात. सोनौलीची कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया, तिथेच भन्सारचं आवार आहे. गाडी लावून थेट खिडकीकडे जा, वाटेत हात दाखवून थांबवणाऱ्या एजंटांची गरज नाही. अर्ज देवनागरीत असतो, आपल्याला सहज वाचता येतो.

पहिली चूक म्हणजे ‘सुविधा’ पास घेऊन पुढे निघणं. तो सीमेलगतच्या भागात जाऊन त्याच दिवशी परतण्यासाठी असतो. पोखरा-काठमांडूला रोजाप्रमाणे पैसे भरून भन्सार करावं लागतं, आणि नेपाळच्या रस्त्यांवर गाडी नेण्याची वाहतुकीची अनुमतीही तिथेच विचारून घ्यायची.

दुसरी चूक दिवस मोजण्यातली. शुल्क तारखेप्रमाणे असतं. संध्याकाळी सातला आत शिरलात तरी तो एक दिवस झाला. त्यामुळे शक्यतो गोरखपूरला मुक्काम करून सकाळी लवकर नाक्यावर या. अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. दिवस मोजताना एक दिवस जास्तीचा धरा.

तिसरी चूक पावती न वाचण्याची. तिच्यावरची तारीख विक्रम संवताची असते. २०२६ च्या एप्रिलच्या मध्यापासून तिथे २०८३ साल लागतं. वैशाख, जेठ ही नावं ओळखीची वाटतात, पण त्यांचा महिना सौर आहे, आपल्या कालनिर्णयवरच्या तिथीशी तो जुळत नाही. ‘गते’ म्हणजे त्या महिन्याची तारीख. शेवटचा दिवस इंग्रजी तारखेने कोणता, हे खिडकीवरच विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवा.

मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधीच जवळच्या भन्सार कार्यालयात जायचं. संपल्यावर दंड लागतो. वर्षभरात मिळून ३० दिवसांची मर्यादा असते.

पैसे आणि फोन

१०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. नेपाळने २०१८ मध्ये १०० पेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, म्हणून रोख रक्कम १०० च्या नोटांत ठेवणं सुरक्षित. मार्च २०२४ पासून तिथल्या फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. ही नेपाळी कंपनी आपल्या फोनपेपेक्षा वेगळी आहे. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करण्याचं काम भारतात असतानाच उरका. फास्टॅग अर्थात सोनौलीपर्यंतच.

चुकीचा हंगाम

गणपतीची सुट्टी जोडून निघायचा मोह होतो. जून ते सप्टेंबर बुटवलजवळच्या सिद्धबाबा भागात आणि नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये याच रस्त्यावर सिमलतालला दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. पावसाळ्यात हे रस्ते टाळाच. टाळता आले नाहीत तर दिवसाउजेडीच पार करा. दसऱ्याच्या सुट्टीत तिथे दशैं हा मोठा सण असतो. गावी परतणाऱ्यांची गर्दी असते आणि कार्यालयं बंद असतात. मे महिन्याचा पहिला पंधरवडा किंवा दिवाळीनंतरचा नोव्हेंबर बरा.

दारू पिऊन गाडी चालवण्याची तपासणी, तिथे ‘मापसे’, फार कडक असते. एक घोटही नको. काठमांडूत २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवण्यावर बंदी आहे.

परतताना सरळ निघून येणं

भन्सारची पावती नेपाळमधून बाहेर पडताना जमा करून गाडी बाहेर पडल्याची नोंद करून घ्यावी लागते. नोंद राहिली तर कागदावर तुमची गाडी नेपाळमध्येच आहे आणि पुढच्या वेळी तोच नंबर अडतो. बिहारमधल्या रक्सौलसारख्या दुसऱ्या नाक्यातून परतायचं असेल तर ते आत शिरतानाच सांगा. शिक्का मारलेल्या पावतीचा फोटो काढा आणि मगच कमान ओलांडा.