झायलाझिनची बाटली पिशवीत ठेवण्याआधी

ठाण्यात पशुवैद्याने लहान-मोठ्या जनावरांची मिश्र प्रॅक्टिस करायची तर सकाळी केंद्रावर भटक्या कुत्र्यांची नसबंदी, दुपारी येऊरच्या पाड्यावर शेळीची जखम आणि संध्याकाळी शिळफाट्याकडच्या तबेल्यात म्हैस, असा दिवस निघू शकतो. पिशवी एकच, त्यातली झायलाझिनची, म्हणजे जनावरांना गुंगी आणणाऱ्या औषधाची, बाटलीही एकच. म्हणून नव्याने कामाला लागलेल्यांना माझं सांगणं असं की आदल्या रात्री आधी कागद घ्या, औषधं नंतर. उद्याचा प्रत्येक रुग्ण त्यावर लिहा: प्राणी कोणता, वजन किती, गाभण आहे का, शेवटचं कधी खाल्लं. वजनाचा अंदाज नको. कुत्र्यांसाठी काटा आणि म्हशीसाठी छातीचा घेर मोजायची टेप सोबत असू द्या.

प्राणी कोणता हे सगळ्यात वर लिहायचं, कारण गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरं झायलाझिनला भलतीच नाजूक असतात. घोड्याला शिरेतून किलोमागे 1.1 मिलिग्रॅम चालतं, गाईला त्याच्या दहाव्या हिश्श्यातच गुंगी येते. हिशेब करून बघा. 25 किलोच्या कुत्र्याला स्नायूत किलोमागे 1 मिलिग्रॅम धरलं, तर मिलीला 20 मिलिग्रॅम ताकदीच्या बाटलीतून सव्वा मिली भरावं लागतं. तितक्याच वजनाच्या शेळीला किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 0.06 मिली, जेमतेम थेंबभर. हा थेंब मोठ्या सिरिंजमध्ये मोजताच येत नाही. 1 मिली औषधात 9 मिली सलाईन घालून ते पातळ करा, मग शेळीला 0.6 मिलीच्या आसपास येतं आणि ते डोळ्यांना नीट दिसतं. भरलेल्या सिरिंजवर लगेच पट्टी चिकटवून नाव आणि ताकद लिहा. बाजारात मिलीला 100 मिलिग्रॅमची बाटलीही मिळते. दोन्ही बाटल्या एका कप्प्यात ठेवू नका, आणि लेबल मोठ्याने वाचल्याशिवाय सुई टोचू नका.

औषध शरीरात काय करतं ते डोक्यात पक्कं असेल तर पुढची तयारी आपोआप सुचते. शरीरातली अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन पेशींवरच्या ज्या रिसेप्टरांवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागांवर, बसतात, तिथेच बसून त्यांच्यासारखं काम करणारी झायलाझिन आणि त्याच्या जातीची ही सगळी औषधं. 1948 मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी या रिसेप्टरांची अल्फा आणि बीटा अशी विभागणी केली, पुढे त्यांचेही पोटभाग पडले. झायलाझिन, मेडेटोमिडिन, डेक्समेडेटोमिडिन आणि घोड्यांसाठीचं डेटोमिडिन ही अल्फा-2 वाली. मेंदूत ती नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटण्यालाच ब्रेक लावतात, म्हणून जनावर पेंगतं, वेदना कमी होते, अंग सैल पडतं. बाहेरच्या रक्तवाहिन्यांवर मात्र त्यांचा परिणाम आवळण्याचा. सुरुवातीला रक्तदाब चढतो आणि त्याला उत्तर म्हणून हृदय आपले ठोके कमी करतं. मेडेटोमिडिन दिल्यावर हिरड्या फिक्या पडतात, जिभेवरचा ऑक्सिमीटर रुसतो आणि नवखा डॉक्टर घाबरून ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन टोचतो. तसं करू नका. दाब चढलेला असताना ठोके वाढवले तर हृदयावर दुहेरी भार येतो. त्यासाठी पिशवीत स्टेथोस्कोप आणि जमल्यास रक्तदाबाचं यंत्र हवं. आधी मोजा, मग ठरवा.

याच गुणांतून बाकीच्या सूचना येतात. मांजरं आणि कुत्री हमखास ओकतात, म्हणून पोट रिकामं हवं. गाई-म्हशी आणि शेळ्यांचं पोट फुगतं, लाळ गळते, पोटातलं पाणी घशात येतं. त्यांनाही उपाशी ठेवायला मालकाला आदल्या दिवशीच फोन करा, आणि आडवं पाडल्यावर मान उंच, तोंड खाली राहील अशी पोती मागवून ठेवा. शेवटच्या तिमाहीतल्या गाभण गाईला किंवा म्हशीला झायलाझिन नको, गर्भाशय आकुंचन पावतं. इन्सुलिन दबल्याने रक्तातली साखर वाढते, लघवीही खूप होते. त्या दिवशीच्या साखरेच्या रिपोर्टवरून मधुमेह ठरवू नका.

आता माझा हट्ट. उतारा पिशवीत नसेल तर झायलाझिनची बाटलीही घरीच ठेवा. कुत्र्याला योहिम्बिन किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश. मेडेटोमिडिनवर अ‍ॅटिपामेझोल. किती मिली लागेल ते भुलीच्या आधीच कागदावर लिहा, कारण जनावर थंडावल्यावर गुणाकार सुचत नाही. सोबत केटामाइन हे भुलीचं औषध दिलं असेल तर उताऱ्याची घाई नको. झायलाझिन निघून गेलं आणि केटामाइन उरलं की कुत्रा ताठरतो, झटके येऊ शकतात. केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, म्हणून त्याची नोंदवहीही सोबत.

अ‍ॅड्रेनालिनचं अ‍ॅम्प्यूल लसीकरणाच्या दिवशीसुद्धा हाताशी हवं. अल्फा आणि बीटा दोन्हींवर ते बसतं: वाहिन्या आवळतात, हृदय जोर धरतं, श्वासनळ्या मोकळ्या होतात. लसीनंतर तोंड सुजून कोसळणाऱ्या पिल्लाला नेमकं हेच हवं असतं. अ‍ॅम्प्यूलमध्ये मिलीला 1 मिलिग्रॅम असतं. 1 मिलीत 9 मिली सलाईन घातलं की 10 किलो वजनाला 1 मिली, म्हणजे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, इतका सोपा हिशेब होतो. हृदय थांबलं तर हाच डोस शिरेतून दर 3 ते 5 मिनिटांनी, छाती दाबणं न थांबवता. उन्हाने आणि उजेडाने ते बिघडतं. स्कूटरच्या डिकीत दिवसभर ठेवू नका, गुलाबी किंवा तपकिरी झालेलं फेकून द्या. सोडियम बायकार्बोनेटच्या सिरिंजमध्ये मिसळू नका. अ‍ॅड्रेनालिन घातलेलं लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, कानाच्या टोकाला, शेपटीला, सडाला नको, तिथला रक्तपुरवठा तुटतो.

फोनवर मालकाला आणखी दोन गोष्टी विचारा. कुत्र्याने घरातला आजीचा दम्याचा पफ चावला होता का? त्यातलं साल्ब्युटामॉल बीटा-2 वर बसतं, पोटॅशियम खाली आणतं आणि हृदय बेफाम पळवतं. आणि नसबंदी झालेल्या कुत्रीला लघवी गळते म्हणून फेनिलप्रोपॅनोलामाइन चालू आहे का? तेही रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून तिचा रक्तदाब मोजल्याशिवाय अल्फा-2 देऊ नका.

आपल्या माणसांचंही बघा. सुईला पुन्हा टोपण लावताना झायलाझिन बोटात जाऊ शकतं, आणि माणसासाठी मान्यता मिळालेला त्याचा उतारा नाही. धारदार वस्तूंचा डबा आणि हातमोजे घ्या. गाभण जनावरांइतकीच काळजी गर्भवती सहकाऱ्याची, डेक्समेडेटोमिडिन तिच्या हाती नको. कोणाला टोचलंच तर बाटली सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा आणि त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नका.