बेळगावजवळ निसर्गाचे फोटो काढायला जाताय? या चुका टाळा

जुलैतला रविवार. जांबोटीच्या पुढं रस्त्याकडेला ट्रायपॉड लावून, कॅमेऱ्यावर छत्री धरून मी तासभर धुक्याकडं बघत उभा होतो. म्हशी घेऊन चाललेला एक गवळी थांबला.

"काय दिसालंय तरी?"

"काही नाही."

"मग दसऱ्याला या की!"

त्या दिवशी दीडशे फोटो काढले आणि सगळे पांढरे निघाले. असे तीन पावसाळे घालवल्यावर त्याचं म्हणणं पटलं.

पाऊस पडला की पश्चिमेलाच पळणं

आपलं गाव मोठ्या मजेशीर जागी वसलंय. पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर कणकुंबी-चोर्ल्याचं ओलंचिंब जंगल आणि पूर्वेला साधारण तेवढ्याच अंतरावर गोकाकचा कोरडा, खडकाळ माळ. जुलै-ऑगस्टमध्ये शहरातल्या सगळ्या गाड्या पश्चिमेकडं धावतात आणि तिथं ढग जमिनीवर उतरलेला असतो. दहा फुटांवरचं झाड दिसत नाही, दरी कुठली दिसणार?

त्या दिवसांत उलट जावं. घटप्रभा नदीला पाणी येतं ते घाटमाथ्यावरच्या पावसाचं, पण ती ५२ मीटरवरून कोसळते गोकाकला, जिथं पाऊस बेताचाच असतो. म्हणजे पाऊस एकीकडं, धबधबा दुसरीकडं, आणि आभाळही बऱ्यापैकी उघडं. एक गोष्ट मात्र आधी बघून घ्या: वर हिडकल धरण आहे, त्यामुळं पाऊस किती झाला यापेक्षा पाणी सोडलंय का, याची बातमी महत्त्वाची. पाणी चहासारखं तांबूस असेल, ते निळं करण्याच्या भानगडीत पडू नका.

पश्चिमेचं काम सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं. ढग वर उचलतात, सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, सोनकी आणि सीतेची आसवं फुलतात. तिथं फुलांवरून चालत जाऊन पलीकडच्या फुलांचा फोटो काढणारे लोक मी दरवर्षी बघतो. कडेला पालथं पडावं, कपडे धुता येतात.

नाव असलेलीच जागा शोधणं

नकाशात 'वॉटरफॉल' टाकून शोधलं की तेच चार धबधबे येतात, आणि तिथं तीच चारशे माणसं. मी उपग्रहाचा नकाशा उघडतो आणि आधी पाणी बघतो: तळं, बंधारा, ओढ्याचं वळण. मग गडद हिरवा पट्टा. मग तिथपर्यंत बैलगाडीची वाट आहे का ते. पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय मारायची. सूर्य कुठून उगवणार, वीजतारा कुठं आड येतात, कुत्री किती आहेत, सगळं कळतं. गुरं राखणाऱ्याला विचारलं तर कुठल्या ओढ्याला डिसेंबरातही पाणी असतं हे तो नकाशापेक्षा नेमकं सांगतो.

आणि इतकं लांब कशाला? येळ्ळूरच्या राजहंसगडावरून रोप लावणीच्या दिवसांत खालचं शिवार आरशासारखं दिसतं, सुगीच्या तोंडावर पिवळं होतं. शहरातल्याच व्हॅक्सिन डेपोच्या जुन्या झाडांत सकाळी सातला बुलबुल आणि तांबट काढता येतात, आणि नऊला घरी नाश्ता.

आणखी एक सवय आपल्यालाच लागलेली: जिल्ह्याची हद्द संपली की शोध संपतो. शिनोळी आली की महाराष्ट्रातला चंदगड तालुका. वैजनाथ, महिपाळगड, पुढं तिलारी. सीमेच्या वादात आपण आयुष्य काढलं तरी धुक्याला आणि धनेश पक्ष्याला ती रेषा ठाऊक नाही. वनखातं मात्र बदलतं, म्हणून परवानगीची चौकशी त्या त्या राज्यात वेगळी करावी लागते.

'कोण बघतंय' म्हणून आत शिरणं

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आत बारापेडे गुहा आहेत, मोजक्याच ठिकाणी सापडणाऱ्या रौटनच्या वटवाघळाचं घर. परवानगीशिवाय अभयारण्यात जाणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गुहेत फ्लॅश मारणं त्याहून वाईट. खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांवरही पावसाळ्यात अनेकदा बंदी असते. निघण्याआधी फोन करून विचारा. ड्रोनचं तर नावच काढू नका, निदान सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघितल्याशिवाय. सांब्र्याला विमानतळ आणि हवाई दल, कॅम्पात लष्कर. इथं 'हौस म्हणून उडवलं' हे कुणी ऐकून घेत नाही.

कॅमेऱ्याला दोष देणं

भिंगावर वाफ धरली? गाडीतला एसी. पोचण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तो बंद करून काचा उघडा. तरीही वाफ आलीच तर पुसत बसू नका, बॅग बंदच ठेवून थांबा.

धुकं राखाडी, मळकट आलं? कॅमेरा पांढऱ्याला राखाडी समजतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या. ओल्या पानांवरची चमक रंग खात असेल तर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावा, तेवढा उजेड कमी होतो हे धरून चला.

हिवाळ्यात घटप्रभा पक्षी अभयारण्यात कांड्या करकोचे येतात. दुपारी बाराला काढलेला त्यांचा फोटो हमखास मऊ, अस्पष्ट येतो. लोक लेन्स दुरुस्तीला देतात. अहो, दोष तापलेल्या हवेचा आहे, ती हलते. सूर्य उगवायच्या आत पोचा.

जांबोटीनंतर मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्या आणि पेट्रोल शहरात भरा. जळवांना मीठ.

सापडलेली जागा जगाला सांगणं

याबाबतीत मी कडक आहे. आंबोलीच्या पठारावर राहणारा आंबोली टोड २००९ साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंदवला, आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसाळी रात्री तिथं बॅटऱ्या घेऊन घोळके फिरतात. चापडा साप चांगल्या फांदीवर दिसावा म्हणून काठीनं उचलून ठेवणारे मी पाहिलेत. फोटो टाकताना फाइलमधलं ठिकाण आधी पुसा. घरटं असेल तर गावाचं नावही नको.

गेल्या वर्षी ओढ्याकाठी मला एक घरटं सापडलं. फोटो बघून मित्रांनी "कुठं रे?" म्हणून पिच्छा पुरवला. चंदगडच्या बाजूला, एवढंच सांगितलं. अजूनही तेवढंच सांगतो.