विधवेचे हात कोरताना

मुद्राचित्रणाच्या (कोरून, शाई लावून चित्र छापण्याच्या) दुसऱ्या वर्षी मी ‘युद्ध आणि बाई’ हा विषय हौसेने घेतला. पहिल्या ब्लॉकवर, म्हणजे कोरायच्या लाकडी ठोकळ्यावर, पडकी घरं, बंदुका आणि मधोमध धाय मोकलून रडणारी बाई. सरांनी प्रूफ, म्हणजे चाचणीचा ठसा, पाहिलं. म्हणाले, “यातली बाई झाकली तर काही बिघडतंय का?” नव्हतं बिघडत.

मग त्यांनी जर्मन चित्रकार केथे कोलवित्झची ‘युद्ध’ मालिका पुढे टाकली. १९२१-२२ मधले ७ वुडकट (लाकडात कोरून छापलेली चित्रं), आणि रणांगण एकातही नाही. तिचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला, १८ वर्षांचा. तेव्हाच्या कायद्याने सज्ञान नव्हता, म्हणून भरतीला बापाची संमती लागत होती. बाप नको म्हणत होता, त्याला राजी केलं ते आईनेच. हे कळलं आणि मालिकेतला पहिला ठसा मला नीट बघवेना. आई तान्हं बाळ उचलून पुढे करते, देऊन टाकल्यासारखं.

हा विषय तिने आधी एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छपाई) आणि लिथोग्राफीत (दगडावरून छपाई) करून पाहिला, जमेना. १९२० मध्ये जर्मन कलावंत बार्लाखचे वुडकट पाहिले आणि ती लाकडाकडे वळली. (तिचं १९२४ चं ‘पुन्हा युद्ध नको’ हे पोस्टर जास्त गाजलं, पण ती घोषणा आहे. शिकायला बसाल तर या मालिकेतली ‘विधवा’ घ्या. डोळ्यांत टिपूस नाही, सगळं दुःख त्या मोठाल्या, राबलेल्या हातांत.)

नव्याने करणाऱ्यांनी ब्लॉक आधी शाईने काळा करावा आणि पांढऱ्या खडूने चित्र काढावं. कोराल ते पांढरं येतं, म्हणून उजेड पडेल तेवढंच कोरा. चेहरा शेवटी. मी आईला पदर धरून उभं केलं आणि आठवडाभर नुसते तिचे हात काढले. “आता पोळ्या लाटू दे,” म्हणाली, तर तेही काढले. छपाईत डावं-उजवं उलटतं, हे मी पहिल्या वेळी विसरले होते. प्रेस मोकळा नसेल तर कागदाची पाठ स्टीलच्या चमच्याने घासा. काळा भरीव हवा असेल तर दोनदा.

दुसऱ्या ब्लॉकवर मागचं सगळं काळंच ठेवलं. सरांनी प्रूफ हातात घेतलं आणि या वेळी काही झाकून पाहिलं नाही. नाक मात्र जास्त कोरलं गेलंय, ते तसंच आहे.