पांढरा कागद, काळं कापड आणि लेझरचा रिसीव्हर

लेझरने अंतर मोजणाऱ्या माझ्या पहिल्या बोर्डाने पांढऱ्या कागदाचं अंतर ४ मीटर दाखवलं आणि नेमकं त्याच जागी टांगलेल्या काळ्या कापडाचं ४ मीटर २० सेंटिमीटर. टीडीसी, म्हणजे लेझरची पल्स (क्षणिक झोत) जाऊन परत येईपर्यंतचा वेळ मोजणारी चिप, ५५ पिकोसेकंदांची होती, म्हणजे ८ मिलिमीटरची बारकाई. तिचा दोष नव्हता. कागदावरून आलेली जोरदार पल्स कम्पॅरेटरची (सिग्नल ठरावीक पातळीवर गेला की इशारा देणाऱ्या सर्किटची) पातळी लवकर ओलांडत होती, कापडावरून आलेली क्षीण पल्स उशिरा. प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून १ नॅनोसेकंदाला १५ सेंटिमीटर, हा हिशेब रिसीव्हर करणाऱ्याने कायम डोळ्यांसमोर ठेवावा.

सुरुवात लेझरपासून करा. पल्स चढायला ३ नॅनोसेकंद घेत असेल तर ०.३५ ला त्याने भागा: साधारण १२० मेगाहर्ट्झ. रिसीव्हरची बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल तो पकडतो ती मर्यादा) याच्या थोडी वर पुरते. त्यापुढे फक्त नॉइज वाढतो.

आता एपीडी (परतलेल्या प्रकाशाचा करंट बनवून तो वाढवणारा फोटोडायोड) आणि ट्रान्सइम्पिडन्स अँप (त्या करंटचं व्होल्टेज करणारा अँप्लिफायर). इथे घाई करू नका. ओपीए-८५८ या अँप चिपचं गेन-बँडविड्थ ५.५ गिगाहर्ट्झ आहे. फीडबॅकला १० किलोओहम आणि इनपुटला एकूण ३ पिकोफॅरड धरले तर सुमारे १७० मेगाहर्ट्झ मिळतात. त्यासाठी फीडबॅकला लागणारा कपॅसिटर जेमतेम ०.१३ पिकोफॅरड! तेवढी कपॅसिटन्स रेझिस्टर आणि त्याचे पॅडच देऊन जातात, म्हणून वेगळा कपॅसिटर लावण्याआधी ऑसिलोस्कोपवर पल्स बघा. चार थरांच्या बोर्डात ग्राउंड ०.२ मिलिमीटर खाली असेल, तर इनपुटचा प्रत्येक चौरस मिलिमीटर तांबं जवळपास ०.२ पिकोफॅरड वाढवतं. इनपुटखालचं ग्राउंड काढून टाका, एपीडीची पिन अँपला अगदी चिकटून ठेवा.

एपीडी तापला की त्याच बायसवर (त्याला दिलेल्या व्होल्टेजवर) गेन (सिग्नल वाढवण्याची पट) उतरतो. शेजारी थर्मिस्टर बसवून बायस तापमानाबरोबर हलवा. कम्पॅरेटरची पातळी नॉइजच्या आरएमएसच्या (सरासरी जोराच्या) पाचपट ठेवा. स्टार्टची (पल्स सुटल्याची) वेळ लेझर ड्रायव्हरच्या सिग्नलवरून घेऊ नका, त्याचा विलंब तापमानाने सरकतो. लेझरचाच थोडा प्रकाश फोटोडायोडवर पाडून घ्या.

कागद-कापडाच्या फरकावर मी पल्सची रुंदी वापरते. अँप सॅच्युरेट झाला (आउटपुट कमाल मर्यादेला टेकलं) की पल्सचा आकार बिघडतो, पण रुंदी वाढतच राहते. पल्सच्या चढत्या आणि उतरत्या, दोन्ही कडांची वेळ मोजा. ठरावीक अंतरावर पांढरा कागद, राखाडी पुठ्ठा, काळं कापड आळीपाळीने लावा आणि रुंदीनुसार अंतरात किती चूक येते याचा तक्ता बनवा. ९०५ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, गॉगल घालूनच. बोर्ड अर्धा तास चालू ठेवल्यावर मग तक्ता घ्या. माझ्या दुसऱ्या बोर्डावर कापड आणि कागद यांत २ सेंटिमीटरच उरले.