अर्धांगवायूनंतर हातासाठी आरसा-उपचार

मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात कापलेल्या अवयवाच्या जागी जाणवणाऱ्या वेदनेसाठी आरसा वापरला. पुढे तोच उपाय अर्धांगवायूच्या रुग्णांसाठीही उपयोगात आला. फिजिओथेरपिस्टकडून पद्धत शिकून घेतल्यावर तो घरीही करता येतो.

रुग्णाला टेबलापाशी बसवून आरसा छातीच्या मध्यरेषेवर उभा, घट्ट ठेवावा, दुबळा हात त्यामागे पूर्ण झाकला जाईल आणि निरोगी हाताचे प्रतिबिंब नेमके त्याच्या जागी दिसेल असे पाहावे. अंगठी, घड्याळ, बांगड्या आधीच काढाव्यात, कारण दोन हातांत फरक दिसला की मेंदूला तो हात आपला वाटत नाही. मग प्रतिबिंबावरच नजर ठेवून मूठ उघडणे-मिटणे, मनगट वळवणे, बोटे एकेक उचलणे अशा हालचाली सावकाश कराव्यात आणि मागचा हातही जमेल तितका सोबत हलवावा. घाई अजिबात नको.

वेदना तीव्र असल्यास सुरुवातीला हालचाल न करता केवळ प्रतिबिंब पाहावे. रोज 15 ते 30 मिनिटे, काही आठवडे सातत्य हवे. चक्कर, मळमळ किंवा वेदना वाढल्यास लगेच थांबून फिजिओथेरपिस्टना कळवावे.